सगळ्यात कमी वीज खाणारं मशीन

रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या महामाया देवीची शपथ! यातला शब्द न् शब्द खरा आहे. हातावर तुळशीचं पान ठेवा, भर चौकात उभं करा, मी हेच सांगीन. चौबे कॉलनीतल्या सुधाकररावांच्या घरी त्या वर्षी नवरात्रात शंभर वॅटचा एक पिवळा बल्ब दिवसाढवळ्या, खिडकीतून ऊन आत आलेलं असताना, अखंड जळत होता. आणि कशासाठी? तर वीज वाचावी म्हणून. हसू नका. कुमुदला विचारा, ती तेव्हा हसली नव्हती.

सुधाकरराव म्हणजे कुमुदचे यजमान. मूळचे वर्ध्याकडचे, रेल्वेच्या वीज खात्यातून रायपूरला रिटायर झालेले. माणूस देवासारखा, व्यसन म्हणून सुपारीचं खांड नाही. पण खोलीतून बाहेर पडताना त्यांचा उजवा हात आपोआप बटणाकडे जायचा. डोक्याला कळायच्या आधी हाताला कळायचं. कुमुद न्हाणीघरात असली तरी बाहेरून दिवा बंद. पाहुणे गप्पा मारत बसलेत आणि हे पाणी आणायला उठलेत, तरी पाहुण्यांवर अंधार. लेकीच्या, इरावतीच्या साखरपुड्यात तर त्यांनी हॉलमधून निघता निघता सगळी झुंबरं घालवली, आणि नागपूरच्या विहीणबाई पद्मिनीताईंनी त्या अंधारात पुरणपोळीवर तूप म्हणून कढी ओतून घेतली. पद्मिनीताईंनी ते मनात जपून ठेवलं होतं. बायका काही गोष्टी लोणच्यासारख्या जपतात, मुरल्या की काढतात.

इरावती लग्न करून कॅनडाला गेली. मंत्रालय नव्या रायपूरला हललं त्याच सुमाराची गोष्ट. धाकटा मुलगा रणजित त्या नव्या रायपूरलाच एका ऑफिसात कॉम्प्युटरचं काम बघायचा. त्यानं वडिलांना एकदा सहज सांगितलं, की पापा, आता इंटरनेटवरून फोन फुकट येतो, घरातलं मशीन तेवढं चालू पाहिजे.

'फुकट' हा शब्द सुधाकररावांनी पक्का ऐकला. 'चालू पाहिजे' हे शब्द अर्धवट ऐकले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी जाऊन घरातला लँडलाईन फोन कटवून टाकला. घरात एक मोबाईल होता, तो त्यांच्याच नावावर. पण तो ते कपाटात, धोतरजोडीखाली, बंद करून ठेवायचे. सुरू ठेवला की बॅटरी उतरते, उतरली की चार्ज करावी लागते, आणि चार्ज करायला काय लागते? वीज.

म्हणजे कॅनडाहून लेकीचा आवाज घरात यायला आता एकच वाट उरली. तो जुना कॉम्प्युटर. त्याचा खोका सुरू झाला की पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा.

"हा रात्रंदिवस सुरू ठेवू?" सुधाकरराव खोक्याला मीटर लावून म्हणाले. "अवं, हा फ्रिजपेक्षा जास्त खाते! संध्याकाळी थोडा वेळ लावत जाईन. इराला सांग, तेव्हाच फोन कर."

"ती तिकडं नोकरी करून राहिली," कुमुद म्हणाली. "तुमच्या वेळेवर तिची सुट्टी होते का?"

"मंग तिनं वेळ बदलावा. मीच काहून बदलू?"

आता नेमकं काय झालं ते ऐका, म्हणजे पुढं कुमुद का पेटली ते कळेल. एका दुपारी इरानं फोन केला, केला, केला. खोका बंद. संध्याकाळी शेजारच्या कांताबाईंनी भिंतीवरून हाक मारली, "कुमुद, अवं नागपूरचा फोन हाय!" कुमुद धावली. पलीकडं पद्मिनीताई.

"अभिनंदन बरं का कुमुदताई! आजी होऊन राहिल्या तुमी."

"आजी?"

"अगंबाई! म्हणजे तुमाले माहीतच नाई? विशालनं मले दुपारीच सांगितलं."

विशाल म्हणजे जावई, पद्मिनीताईंचा एकुलता एक. स्वतःच्या लेकीला दिवस गेल्याची बातमी कुमुदनं विहिणीच्या तोंडून ऐकली, तीही कांताबाईंच्या घरात, कांताबाई कान टवकारून समोर बसलेल्या असताना. पुढं कित्येक दिवस ते 'अगंबाई' तिच्या घशात कोरड्या भाकरीसारखं अडकून होतं. रात्री नवऱ्याच्या उशाशी बसून तिनं सांगितलं, "ऐका. बाळ झाल्याचं पहिलं मले कळलं पाहिजे. नागपूरच्या आधी. ते मशीन आता बंद राहणार नाही."

"आन् कांताबाईचा नंबर देऊन ठेव ना इराला," सुधाकरराव कूस बदलत म्हणाले.

"म्हणजे मी चपला घालेपर्यंत अख्ख्या चौबे कॉलनीत पेढे वाटून होतील. नाही म्हणजे नाही!"

मग सुधाकररावांनी मनावर घेतलं. अखंड चालेल आणि काही खाणार नाही, असं मशीन शोधायचं. एखाद्या बापानं स्थळं पाहावीत तसे ते मशीन पाहायला लागले. कुमुदला आधी वाटलं, चला, आठवड्याचं काम. पाऊस सुरू झाला, पोळा झाला, गणपती गेले. ह्यांचं पाहणंच चाललेलं.

पहिला आला रणजितचा जुना लॅपटॉप. तो झाकण लावलं की झोपी जायचा. झाकण उघडं ठेवलं तर सुधाकरराव जाता येता लावायचे. मग एका दुकानदारानं जेवणाच्या डब्याएवढं मशीन घरी पाहायला दिलं. पंखा नाही, आवाज नाही. सुधाकररावांनी त्यावर तळहात ठेवला, डोळे मिटले, वैद्य नाडी बघतो तसं केलं आणि म्हणाले, "गरम लागते."

"मशीन हाय ते! गरम नाही तर काय लागणार?"

"गरमी म्हणजे वीज वाया. आपल्या पैशानं हे हवा तापवून राहिलं." आणि डबा परत गेला. तिसरं पसंत पडलं होतं, पण त्याच्यावर एक निळा दिवा सारखा लुकलुकायचा. "हा कशाले लुकलुकते? काम करायचं सोडून!" तेही गेलं.

प्रत्येक मशीन यायचं, चार दिवस राहायचं, त्याला मीटर लागायचं, आणि त्या चार दिवसांत इराचा फोन कधी यायचा, कधी वाजून थांबायचा. लेकीचं पोट वाढत चाललं होतं. तिकडे डोहाळे कसले लागलेत ते कुमुदला नागपूरमार्गे कळत होतं. "इराला म्हणे चिंचेची चटणी खावीशी वाटून राहिली," पद्मिनीताई कांताबाईंच्या फोनवर सांगायच्या, "तुमाले सांगितलं असेलच म्हणा!"

शेवटी रणजितनंच एक मशीन मागवलं. डबी उघडली आणि सगळे वाकून बघायला लागले. भांडी घासणारी कलावतीसुद्धा पदराला हात पुसत आली.

"हे?" सुधाकरराव म्हणाले. "हे तर साबणाची वडी हाय."

"पापा, यही है पूरा कंप्यूटर. फोन याच्यातूनच येईल. वो देखो, साधा फोन जोड दिया मैंने. आई नुसता रिसीवर उचलेल."

सुधाकररावांनी मीटर लावलं. काटा हललाच नाही. त्यांनी मीटर ठोकून बघितलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. काटा जागचा जरासा थरथरला, बस. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद कुमुदनं स्वतःच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.

"हे खातच नाही!" ते म्हणाले. "कुमुद, हे उपाशी काम करते!"

तेव्हापासून घरात सुख आलं. इराचा फोन केव्हाही यायचा, कुमुद केव्हाही उचलायची. सुधाकरराव येणाऱ्याजाणाऱ्याला साबणाची वडी दाखवायचे. आणि मग, घट बसायच्या दोन दिवस आधी, रायपूरची वीज गेली.

तर घरात इन्व्हर्टर होता. पण तोही सुधाकररावांचा इन्व्हर्टर. अख्ख्या घरातला एकच बोर्ड त्याला जोडलेला, देवघर आणि स्वयंपाकघराच्या मधल्या भिंतीवरचा. त्यावर साबणाची वडी, एक दिव्याचा होल्डर, आणि एक सॉकेट. बाकी घर वीज गेली की पुठ्ठ्यानं वारा घ्यायचं. निदान वडी तरी चालेल ना! पण वीज गेली आणि जरा वेळानं वडीही गेली. फोन मेला.

रणजितनं इन्व्हर्टर उघडला, माहितीचा कागद वाचला, आणि कपाळाला हात लावून हसत खालीच बसला.

"पापा, आपला इन्व्हर्टर पण वीज वाचवतो. लोड खूपच कमी असला ना, तो उसको लगता है घर में कोई है ही नहीं. मग तो स्वतःच झोपतो."

"म्हणजे?"

"म्हणजे आपली मशीन इतकी कमी खाते, की इन्व्हर्टरले ती दिसूनच नाही राहिली."

कुमुदनं आधी नवऱ्याकडे बघितलं, मग इन्व्हर्टरकडे. एका घरात दोन दोन! "आता?"

"आता काय, याच्याबरोबर काहीतरी खाणारं लावून ठेवायचं. एक बडा बल्ब. चौबीस घंटे."

घरात तसा बल्ब नव्हता. सुधाकररावांनी ते केव्हाच काढून सगळीकडे नळीचे बारके दिवे लावले होते. शेवटी पुरानी बस्तीतल्या एका जुन्या दुकानातून रणजितनं शंभराचा एकुलता एक पिवळा बल्ब शोधून आणला, होल्डरला लावला, आणि ऑफिसच्या कामासाठी दौऱ्यावर निघून गेला, बस्तरकडे कुठंतरी, जिथं फोन लागत नाही. घरात उरली कुमुद, साबणाची वडी, तो बल्ब, आणि सुधाकररावांचा उजवा हात.

तो हात काय स्वस्थ बसतो? पहिल्या दिवशी बल्ब चारदा विझला. कुमुद ओरडायची, सुधाकरराव ओशाळून म्हणायचे, "अवं मी नाही केलं, हातानं केलं," आणि लावायचे. कलावती कामाला आली तर तिनंही विचारलं, "दाई, दिन-मंझनिया ये बत्ती काबर बरत हे?" भरदुपारी दिवा कशाला, हे तिला कसं समजावणार? कुमुदला स्वतःला तरी कुठं समजलं होतं? आता ह्यांचा हात बांधून ठेवावा, की बल्बाला कुलूप लावावं!

आणि घट बसायच्या सकाळी तिला सुचलं. देवघरात तेलाचा अखंड दिवा लावला, आणि त्याच ज्योतीला नमस्कार करून हात त्या बल्बाकडे केले. कुंकवाचं बोट लावायला गेली, भाजलं, पण चेहरा हलू दिला नाही.

"मी नवस बोलली," तिनं नवऱ्याला सांगितलं. "इराची सुखरूप सुटका होईपर्यंत हा दिवासुद्धा विझणार नाही."

"विजेचा अखंड दिवा? असा कुठं असते का?"

"मंदिरात विजेची झालर नसते का लागत? देवी घेते चालवून. तुमाले विझवायचा असेल तर विझवा बापा. देवी हाय, तुमी हाय."

नवस म्हटल्यावर सुधाकररावांचा हात जागच्या जागी थांबला. वीज एकीकडे आणि देवी एकीकडे. ते बल्बासमोरून जाताना आता उजवा हात डाव्या काखेत दाबून जायचे. कुमुदला आतून इतकं हसू यायचं, की तिला स्वयंपाकघरात जाऊन फोडणी करावी लागायची. असे आठ दिवस गेले. वीज दोनदा गेली, बल्ब जळत राहिला, इन्व्हर्टर जागा राहिला, वडी चालत राहिली. इरा रोज बोलली. "आई, मी स्वतः तुलाच पहिले सांगीन," म्हणाली. "विशालनं कितीही घाई केली तरी."

मग आली नवमी. खंडेनवमी.

त्या दिवशी घरातल्या हत्यारांची पूजा करायची असते, हे तुम्हाला ठाऊक आहे. सुधाकररावांचं आयुष्य रेल्वेत गेलेलं. तिथं तर या दिवशी पान्यापासून क्रेनपर्यंत सगळ्याला हळदकुंकू. आणि पूजा झालेलं हत्यार त्या दिवशी चालवायचं नाही, त्याला विसावा द्यायचा, हा त्यांचा जन्माचा नेम. कुमुद पहाटेपासून सात कुमारिकांच्या जेवणात गुंतलेली. मागे देवघरात काय चाललंय, तिला पत्ता नाही. खोबऱ्याची चटणी वाटायला ती मिक्सर घेऊन त्या बोर्डापाशी आली, तेव्हा तिला दिसलं.

पाटावर रांगेनं पक्कड, टेस्टर, तीन स्क्रूड्रायव्हर, ते लाडकं मीटर, आणि मधोमध, झेंडूची फुलं वाहिलेली, हळदकुंकू लावलेली साबणाची वडी. सगळ्या वायरी काढून, गुंडाळी करून, शेजारी अक्षतांत ठेवलेल्या. वर शंभराचा बल्ब मात्र ढणाढणा पेटलेला.

कुमुदनं वायरींच्या गुंडाळीकडे बोट दाखवलं.

"हे केव्हा काढलं?"

"सकाळीच. आंघोळ झाल्याबरोबर."

"आन् काहून?"

"खंडेनवमी हाय ना! आज हत्याराला विसावा द्या लागते."

"ते हत्यार हाय का?"

"मंग काय वांगं हाय?" सुधाकरराव दुखावले. "आन् तुझ्या दिव्याले मी हातसुद्धा नाही लावला. पाहा, सुरू हाय."

"अहो, तो दिवा कशासाठी सुरू हाय? त्याच्यासाठीच ना!" कुमुदनं हातातलं मिक्सरचं भांडं पाटावर आपटलं, तशी पक्कड उडाली. "आज नववा दिवस. पोरीले केव्हाही कळा लागतील, लागल्या असतील! तिकडं ती फोन करून राहिली असेल, आन् इकडं मशीन फुलं घालून झोपलं! लावा. आत्ताच्या आत्ता लावा!"

"देवीचा दिवस…"

"देवीसुद्धा बाईच हाय. तिले समजते."

सुधाकररावांनी वडीची क्षमा मागितली, फुलं बाजूला केली, आणि वायरी जोडायला घेतल्या. जोडून झाल्या. वडीत हिरवा ठिपका आला. कुमुदनं श्वास सोडला. तेवढ्यात वीज गेली, आली, पुन्हा गेली. सगळ्या गल्लीत मांडव आणि झालरी, जाणार नाही तर काय होणार! आणि त्या येण्याजाण्यात बल्ब एकदम डोळे दिपतील इतका उजळला, टप्प म्हणाला, आणि काळा पडला.

दोघंही वर बघत राहिली.

"दिवा गेला," सुधाकरराव हळूच म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "कुमुद, नवसाचा दिवा गेला."

नवस खोटा होता, हे कुमुदला माहीत होतं. तिनंच रचला होता. पण त्या घटकेला तिनं पटकन दोन्ही कान पकडले. सातासमुद्रापलीकडं पोरगी एकटी, आणि इकडं आपण देवीच्या नावानं बल्ब राखायचा खेळ मांडलेला. ती देव्हाऱ्याकडे वळली. तेलाचा दिवा शांत जळत होता. आणि मग तिच्या लक्षात आलं, की ती काय बोलली होती.

"अहो," ती म्हणाली, "मी काय म्हटलं होतं? सुटका होईपर्यंत विझणार नाही. होईपर्यंत! म्हणजे सुटली. पोरगी सुटली आपली!"

हे सुधाकररावांना पटलं की नाही कोण जाणे. पण त्यांच्या मागं इन्व्हर्टर झोपायच्या तयारीला लागला होता. कुमुदनं इस्त्री खुपसली, तर इन्व्हर्टर किंचाळला; त्याला ती झेपेना. टेबलपंखा कांताबाईंकडे घटाच्या खोलीत गेलेला. राहिला मिक्सर. कुमुदनं खोबऱ्याचं भांडं बसवलं आणि बटण फिरवलं. घर्रर्रर्र! इन्व्हर्टर कण्हला, पण जागा झाला. वडीचा हिरवा ठिपका थांबला, लुकलुकला, स्थिर झाला. आणि फोन वाजला.

"तुमी मिक्सर धरा! थांबवू नका!" कुमुदनं झेप घेऊन रिसीवर उचलला. "हॅलो! हॅलो!"

पलीकडं जावई. "आई! अभि… घर्रर्र… झा… घर्रर्र… सगळं ठीक…"

"काय झालं? विशाल, काय झालं?"

"घर्रर्र… ला… ली… घर्रर्र…"

"ला का ली? मोठ्यानं बोला!" तिनं मागं वळून हात हलवला. "अहो, जरा थांबा ना!"

सुधाकरराव थांबले. मिक्सर शांत झाला. इन्व्हर्टरला वाटलं, घरात कोणी नाही. फोन मेला.

"काहून थांबले?"

"तूच म्हटलं थांबा!"

"सुरू करा!"

घर्रर्र. पुन्हा फोन. पुन्हा "आई, ऐकू… घर्रर्र…" मिक्सर चालला तर ऐकू येईना, थांबला तर फोन राहीना. खोबऱ्याची चटणी झाली, चटणीचं लोणी झालं, मग भांड्यातून जळका वास यायला लागला, आणि मिक्सर स्वतःच्या मनानं बंद पडला. त्याच्याबरोबर सगळंच.

"एवढं नक्की," सुधाकरराव हात झटकत म्हणाले, "काहीतरी झालं."

कुमुद त्यांना काय बोलणार होती ते राहूनच गेलं, कारण भिंतीवरून कांताबाईंची हाक आली. "कुमुद! अवं नागपूर!"

झालं. कुमुद पदर सावरत गेली, ती फाशीला जावं तशी. कांताबाई फोनशेजारी स्टूल ओढून आधीच बसलेल्या.

"काय कुमुदताई," पद्मिनीताईंचा आवाज लोणकढ्या तुपासारखा. "कळलं ना तुमाले?"

कुमुदनं डोळे मिटले. "कळलं म्हणजे! केव्हाच. विशालरावांचाच फोन होता."

"हो ना. मलेही त्याचाच."

"काय म्हणाले मंग?"

"तेच. तुमाले काय म्हणाला?"

"तेच."

कुमुदनं रिसीवर दुसऱ्या कानाला लावला.

"बाळ कोणाच्या वळणावर गेलं म्हणते?" पद्मिनीताईंनी विचारलं.

कुमुदचे कान टवकारले. "तुमाले काय वाटते?"

"मी काय सांगू जी? तुमीच सांगा. आता नाव काय ठेवायचं हेही पाहावं लागेल."

"हो तर. ते तर झालं त्याच्यावर हाय."

"हो, झालं त्याच्यावरच हाय."

कांताबाईंना राहवेना. "अवं पण पोट्टा का पोट्टी?" कुमुदनं त्यांच्या तोंडावर हात ठेवला. आणि ठेवता ठेवता तिला सगळं लख्ख समजलं. पद्मिनीताईंनाही माहीत नव्हतं! ही बाईसुद्धा अंधारातच बसून कढी ओतून घेत होती.

"तुमी घरीच होत्या ना विहीणबाई, फोन आला तेव्हा?" तिनं गोड आवाजात विचारलं.

"मी… म्हणजे कोराडीले गेली होती. देवीची ही रांग. मोबाईल पर्समधे." पद्मिनीताईंनी लगेच बाजू सावरली. "पण तुमी तरी काय जी! सुधाकररावांचा मोबाईल सदानकदा बंद. काल मी मेसेज टाकला तो अजून पोचला नाही. बंद असला की मेसेज तिकडंच अडकून बसतात म्हणे. सुरू केला की येतात धडाधड."

कुमुदनं फोन ठेवला. ठेवला म्हणजे टाकलाच. कांताबाई "अवं, पण काय झालं?" म्हणेपर्यंत ती आपल्या अंगणात होती, आणि पाठोपाठ बेडरूममध्ये, कपाट उघडून, धोतरजोड्या जमिनीवर.

"माझं धोतर!" सुधाकरराव धावत आले.

मोबाईल सापडला. बटण दाबलं. साऱ्या घरात वीज नव्हती, इन्व्हर्टर झोपलेला, मिक्सर मेलेला, साबणाची वडी थंड. आणि तो मोबाईल, इतके दिवस न वापरलेला, भरल्या बॅटरीनं झळाळून उठला. टिंग. पद्मिनीताईंचा कालचा मेसेज. टिंग. आणि इराचा. पहाटेचा. इंग्रजी अक्षरांतली मराठी, कुमुदला एक एक अक्षर लावून वाचावी लागली. वाचता वाचता तिचे ओठ हलत होते.

मुलगी झाली. दोघी मजेत आहोत. आई, सगळ्यात आधी तुला सांगते.

कुमुद पलंगावर बसली. मोबाईल तिनं दोन्ही हातांत धरला, जसं काही तेच बाळ होतं. सुधाकररावांनी तिच्या खांद्यावरून वाचलं, पुन्हा वाचलं, धोतराच्या टोकानं चष्मा पुसला, मग डोळे.

"पहाटेपासून हितं होतं," कुमुद म्हणाली. "तुमच्या धोतराखाली."

ती आता ओरडणार, या बेतानं सुधाकरराव एक पाऊल मागं सरकले. पण त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं, अगदी मीटर लावताना चमकायचं तसं.

"कुमुद, पाहा," ते म्हणाले. "बंदचा बंद राहून यानं निरोप आणला. थेंबभर वीज नाही. आपण उगाच बाहेर शोधून राहिलो. सगळ्यात कमी खाणारं मशीन तर घरातच होतं."

कुमुदनं जळका मिक्सर उचलला होता असं कांताबाई सांगतात. पण तिनं तो खाली ठेवला, कारण तिला त्याहून महत्त्वाचं काम होतं. ती पुन्हा कांताबाईंकडे गेली, नागपूर लावलं, आणि कॉलनीतल्या जमलेल्या बायकांसमोर तो मेसेज सावकाश, शेवटच्या ओळीवर थोडं थांबून, पद्मिनीताईंना वाचून दाखवला.

"अगंबाई," ती शेवटी म्हणाली, "म्हणजे तुमाले माहीतच नाई?"

तर असं झालं ते. सगळं खरं. आता उठता उठता एक सांगून टाकते, नाहीतर महामाया मला रात्री झोपू द्यायची नाही. त्या मेसेजात शेवटची ओळ नव्हती. 'मुलगी झाली, दोघी मजेत आहोत' इथंच तो संपत होता. पुढचं ते 'सगळ्यात आधी तुला' आहे ना, ते फोनवर वाचता वाचताच मला सुचलं. पण आता ते नागपूरला पोचलं, तिथल्या सगळ्या नातेवाइकांत फिरून आलं, इरालासुद्धा आपणच लिहिलं होतं असं वाटायला लागलंय. आता मागं कसं घेणार?